सासऱ्यांना केलेला पहिला रेझ

मर्यादित बोलीच्या पोकरमध्ये कोणालाही घाबरवता येत नाही. आपल्यापुढचा सगळा ढीग मध्ये लोटून समोरच्याला घाम फोडण्याची सोय या प्रकारात नाही. किती लावायचे ते आधीच ठरलेले असते. पहिल्या दोन फेऱ्यांत एक माप, नंतरच्या दोन फेऱ्यांत त्याच्या दुप्पट. खेळाडूच्या हाती चार-पाच साध्या कृती उरतात. चेक म्हणजे काही न लावता पुढच्याला बोलू देणे, बेट म्हणजे ठरलेले माप लावणे, कॉल म्हणजे दुसऱ्याने लावले तेवढेच लावणे, रेझ म्हणजे त्यावर आणखी एक माप चढवणे, आणि फोल्ड म्हणजे पत्ते टाकणे. इतक्या थोड्या शब्दांत माणसे स्वतःबद्दल किती बोलून जातात, हे पाहण्याचे माझे काम होते.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते इतरांना दिसत नाहीत. मग टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी पत्ते उघडतात: आधी तीन, मग चौथा, मग पाचवा. हातातले दोन आणि मधले पाच मिळून ज्याची पाच पत्त्यांची जुळणी वरचढ, तो डाव घेतो. प्रत्येक टप्प्यावर बोलीची एक फेरी होते. रमी येणाऱ्या माणसाला हे नियम एका दुपारी समजतात.

समजत नाही ते पुढचे. चांगला खेळाडू समोरच्याचे पत्ते ओळखतो, असा लोकांचा समज असतो. तो प्रत्यक्षात यादी करतो आणि खोडत जातो. सुरुवातीला समोरच्याकडे कोणतेही दोन पत्ते असू शकतात. त्याने पहिल्याच फेरीत रेझ केले, की हलके पत्ते यादीतून जातात. तीन पत्ते उघडल्यावर त्याने नुसते कॉल केले, की काही भारी जुळण्या जातात, कारण त्या असत्या तर हा माणूस गप्प बसला नसता. पाचव्या पत्त्यापर्यंत यादीत दोन-तीन शक्यता उरतात. मग त्यांची मोजणी. दोन राजांची जोडी सहा प्रकारे येऊ शकते. एक राजा मध्ये उघडा पडला, की तीनच प्रकार उरतात. हे सगळे करायला पडद्यावर काही सेकंद मिळतात. फार थोड्यांना जमते. ज्यांना जमते त्यांचे डाव वाचणे हा माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला भाग होता.

त्याआधी मी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक होतो. बातमीदारांच्या बातम्या वाचायच्या, काटायच्या, शंका आली की फोन करायचा. बातमीत कुठे गडबड आहे ते बहुतेक वेळा बातमीतच दिसते. दुसऱ्या परिच्छेदातला माणूस पाचव्या परिच्छेदात वेगळे वागू लागला, की थांबायचे. ते पान बंद झाले. त्यानंतर ऑनलाइन पत्त्यांच्या एका कंपनीने डाव तपासण्यासाठी माणसे घेतली, त्यात मला घेतले. मुलाखतीत एका मुलाने विचारले, "सर, पोकर येतं?" मी नाही म्हणालो. "चालेल. येणारे सगळे खेळायला बसतात." तेवढ्यावर निवड झाली.

काम माझ्या वसई पूर्वेच्या फ्लॅटमधूनच चाले. तक्रार आली की त्या डावांची नोंद पडद्यावर उघडायची. खेळाडूंना एकमेकांचे टाकलेले पत्ते कधीच दिसत नाहीत; तपासणाऱ्याला दिसतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला जाई: टाकलेले पत्ते कोणालाही, कधीही सांगायचे नाहीत. ज्याने टाकले त्याच्या बायकोलाही नाही.

तक्रारी बहुतेक एकाच प्रकारच्या असत. विरारचे एक हार्डवेअरचे दुकानदार दर आठवड्याला लिहीत. खेळताना त्यांचे नाव 'टायगर' असे. यंत्र ठरवून दुसऱ्यांना चांगले पत्ते देते, असे त्यांचे ठाम मत होते. एकदा फोनवर म्हणाले, "तुम्हाला सगळ्यांचे पत्ते दिसतात ना?"

"डाव संपल्यावर दिसतात."

"मग संपायच्या आधी मला एक मिस्ड कॉल द्यायला काय जातं?"

टायगर कधी पत्ते टाकत नसत. त्यांच्या सर्व तक्रारींना 'टाकायला शिका' हे एकच खरे उत्तर होते, आणि ते पाठवायची आम्हाला परवानगी नव्हती. पण एके दिवशी त्यांची वेगळी तक्रार आली. मर्यादित बोलीच्या टेबलावर सासरा आणि सून एकमेकांना पत्ते सांगून खेळतात, असा आरोप होता. सोबत पुरावा म्हणून एक डाव जोडला होता.

सासरे म्हणजे वसईजवळच्या निर्मळ गावचे दिगंबर राऊत, बँकेतून निवृत्त, आता केळी आणि फुलांची वाडी पाहणारे. सून मृणाल. तिचे माहेर गोखिवऱ्याचे, आणि तिथल्याच एका कारखान्यात ती मालाची तपासणी करी. नवरा आखातात नोकरीला. इथली सर्व नावे बदलली आहेत.

डाव असा होता. राऊतांच्या हातात राजा आणि राणी. मध्ये उघडले राजा, नव्वी, चव्वी. मृणालने त्याआधीच पत्ते टाकले होते. टायगरनी चेक केले, राऊतांनी बेट लावली, टायगरनी कॉल केले. चौथा पत्ता आला आणखी एक नव्वी. टायगरनी पुन्हा चेक केले, राऊतांनी पुन्हा बेट लावली, आणि या वेळी टायगरनी रेझ केले.

मर्यादित बोलीत राजांची जोडी हातात असताना इथे कोणी थांबत नाही. आणखी एक-दोन मापे भरून शेवट पाहायचा, इतके ते स्वस्त असते. राऊतांनी पत्ते टाकले. एवढ्यावर थांबले असते तर तक्रारच आली नसती. त्यांनी खालच्या चॅटमध्ये लिहिले: 'राजा होता. टाकला. नव्वी तुमच्याकडे आहे, खुशाल घ्या.'

टायगरकडे नव्वी होती. दश्शी आणि नव्वी.

"सांगा आता," टायगर फोनवर म्हणाले, "राजाची जोडी कोण टाकतं? सुनेनं तिचे पत्ते सांगितले, त्यावरून यानं माझे काढले. एका घरात बसून दोघं लुटतायत."

आरोप सिद्ध झाला तर दोघांची खाती बंद होणार आणि 'संगनमत' या शिक्क्यासह नावे यादीवर लागणार, ती यादी सर्व खेळाडूंना दिसे. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे राऊतांना फोन केला. मागे पंपाचा आवाज येत होता. नव्वी कशी ओळखली ते विचारले.

"सोपं आहे," ते म्हणाले. "या गृहस्थांना राजा लागला की धीर धरवत नाही. तीन पत्ते उघडले की तिथल्या तिथे रेझ. तीन महिने बघतोय. त्या दिवशी राजा उघडा पडला आणि हे नुसते कॉल करून बसले. म्हणजे राजा नाही. मग काय असेल? चव्वीला ते कॉल करतात, नव्वीला करतात, पाच सलग पत्त्यांचा एखादा क्रम अर्धवट असला तरी करतात. चौथा पत्ता नव्वी पडला आणि माणूस एकदम जागा झाला. चव्वीवाला जागा का होईल? अर्धवट क्रमवाला त्या नव्वीनं जागा का होईल?"

"थापही असू शकते."

"टायगर थाप मारत नाहीत हो. तेवढा त्यांना वेळ नसतो."

उत्तर चोख होते, पण उत्तर नंतरही रचता येते. म्हणून मृणालने टाकलेले पत्ते मी नोंदीत उघडले. तिच्याकडे नव्वी आणि पंजी होती.

इथे थोडा हिशेब. गड्डीत नव्व्या चार. दोन मध्ये उघड्या. राऊतांच्या दृष्टीने बाहेर दोन उरल्या होत्या, म्हणून टायगरकडे नव्वी असणे शक्य कोटीतले होते. मृणालने आपले पत्ते सांगितले असते, तर राऊतांना कळले असते की बाहेर एकच नव्वी आहे. टायगरकडे ती असण्याची शक्यता निम्मी झाली असती आणि कोणताही शहाणा खेळाडू कॉल करून शेवटपर्यंत गेला असता. राऊतांनी पत्ते टाकले ते सुनेचे पत्ते माहीत नव्हते म्हणूनच. माहिती मिळाली असती तर ते चुकले असते. वर्तमानपत्रातही आणि इथेही, इतका स्वच्छ पुरावा माझ्या हाती फार थोड्या वेळा आला. तो डाव मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा केवळ आवडला म्हणून.

प्रकरण तिथेच मिटले असते. पण संगनमताची तपासणी करताना दोन्ही खाती समोरासमोर लावून पाहावी लागतात. त्यात दुसरीच गोष्ट निघाली. मृणाल इतरांशी अंगावर येऊन खेळे. बेट, रेझ, पुन्हा रेझ. टेबलावर शेवटी ती आणि सासरेच उरले, की चेक आणि कॉल. एकदाही रेझ नाही. एका डावात तिच्या हातात जवळजवळ न हरणारे पत्ते होते, तरी शेवटपर्यंत कॉल करत राहिली. ओळखीच्या माणसाशी मवाळ खेळणे हेही आमच्या नियमात संगनमतच होते. इतर खेळाडूंशी वागतो तसेच त्याच्याशी वागले पाहिजे, नाहीतर टेबल सरळ राहत नाही.

माझी पर्यवेक्षक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होती. तिला हे व्हिडिओ कॉलवर दाखवले.

"सर, सॉफ्ट प्ले इज सॉफ्ट प्ले. दोघांना बॅन." मग थांबून म्हणाली, "पण का करते ती असं? तिचा फायदा तर काहीच नाही. उलट हरतेय."

"सासरे आहेत."

"रीझनच्या कॉलममध्ये काय टाकू? फादर-इन-लॉ?" तिने हसून स्क्रीन बंद केली. "तुम्ही वसईचेच ना? जाऊन विचारून या. इरादा आहे का सवय आहे, ते लिहा."

घरी जाऊन विचारणे कंपनीच्या पद्धतीत नव्हते. बातमीदारीत होते.

निर्मळला देवळावरून आत वळले की दोन्ही बाजूंना केळी लागतात, आणि स्कूटरवरून फुलांच्या करंड्या जाताना दिसतात. राऊतांचे घर वाडीच्या टोकाला. पुढे पडवी, मागे बावखल. वाड्यांना पाणी देण्यासाठी खणलेली ही लहान तळी या पट्ट्यात घरोघरी असत, आता थोडी उरली आहेत. पडवीत राऊतवहिनी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. दिगंबररावांनी स्वागत केले आणि लगेच मुद्द्यावर आले.

"राजाचं झालं ना तुमचं?"

"झालं. त्यात काही नाही."

"मग?"

दुसरी गोष्ट सांगितली. नोंदींची पाने समोर ठेवली. दिगंबररावांनी ती एकामागून एक पाहिली. एका डावावर त्यांचे बोट थांबले. मृणाल कामावरून नुकतीच आली होती. ती दारात उभी होती.

"मृणाल, हे काय आहे?"

"काय, बाबा?"

"इथे तुझ्याकडे तीन राण्या आहेत. तीन! आणि तू मला कॉल करत बसलीस?"

ती पुढे येऊन पानावर वाकली.

"तुला समजलं नव्हतं का?"

"समजलं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, बाकी सगळ्यांना करते मी रेझ. बाबांना नाही जमत. हातच जात नाही बटणावर."

"का?"

तिने सासूकडे पाहिले. "लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच रविवारी खेळायला बसवलं होतं. मी बाबांना रेझ केलं. आई म्हणाल्या, 'सासऱ्याला हरवायला आली काय गो?' सगळे हसले. तेव्हापासून नाही केलं."

राऊतवहिनींच्या हातातला वाल तसाच राहिला. "अगं, ती थट्टा होती!"

"मला काय माहीत? नवीन होते. थट्टा कुठली आणि सांगणं कुठलं, कसं कळणार?"

"तीन वर्षं?" वहिनी म्हणाल्या. "तीन वर्षं एक वाक्य धरून बसलीस? मी मीठ कमी घाल म्हणते ते नाही ऐकत ती!" पुढचे त्या घरच्या बोलीत नवऱ्याला काही म्हणाल्या. ते मला नीट कळले नाही. मृणालला कळले असावे, कारण ती हसू दाबत आत गेली.

दिगंबरराव हसले नाहीत. दर रविवारी दुपारी त्यांच्या पडवीत गावातली माणसे वालाच्या दाण्यांवर पोकर खेळायला येत. पैसे नसत. सगळ्यांना त्यांनीच शिकवले होते. "यादीवर माझं नाव लागलं तर लोक बारीक अक्षर वाचत नाहीत," ते म्हणाले. "राऊत पत्ते दाखवून खेळतो, एवढंच उरणार. ज्यांना मी सरळ खेळायला शिकवलं, ते उद्या या पडवीत कशाला बसतील?" थोड्या वेळाने आवाज खाली आला. "आणि ते सोडा. या गावात प्रत्येकाचे पत्ते मला वाचता येतात. हिचेच येत नव्हते. मला वाटायचं, ही फार खोल खेळते."

आतून आवाज आला, "खोल कसली, बाबा? मी तुमच्याशी काही बोलतच नव्हते."

सवय होती की इरादा, हे मला समजले होते. अहवालात मात्र समजले असे लिहून भागत नाही. पाहिले असे लिहावे लागते. म्हणून ठरले की पुढच्या रविवारी मी पडवीत बसेन आणि दोघे समोरासमोर खेळतील. मृणालने सासऱ्यांशी टायगरशी खेळते तसे खेळायचे. नाही जमले, तर शिक्का लागणार. हे दोघांनाही स्पष्ट सांगितले.

"जमेल ना?" दिगंबररावांनी विचारले.

"बघते," ती म्हणाली.

"बघते नाही. कर." आणि मग माझ्याकडे पाहून, "तशी ती मला हरवणार नाही. पण करू दे."

"हरले की हे मागे बावखलावर जाऊन बसतात," वहिनींनी मला माहिती दिली. "जेवायला बोलवावं लागतं. सहसा वेळ येत नाही, पण तुम्ही लिहून घ्या."

रविवारी सतरंजी घातली गेली. मध्ये सुक्या वालाचे दोन ढीग. वहिनींनी बजावले, "खेळून झाले की सगळे डब्यात परत. मागच्या वेळी तुमच्या खिशातून निघाले होते." नेहमीची मंडळी एका बाजूला गप्प बसली, खेळणार दोघेच. प्रत्येकाने पत्ते उचलले की एकदा माझ्याकडे वळवायचे, असे ठरले होते. रोजचेच काम, फक्त पडद्याच्या जागी पडवी.

सुरुवातीचे डाव वाईट गेले. मृणाल चेक आणि कॉल यांच्या बाहेर येईना. एकदा दोन जोड्या हातात असताना तिने वाल उचलले, पुढे नेले आणि कॉलइतकेच ठेवले. दिगंबरराव जिंकले आणि चिडले. "काय चाललंय? माझं नाव घालवणार आहेस का?"

"तुम्ही ओरडलात की आणखीच नाही जमत."

"बरं. नाही ओरडत. टायगर समज मला."

"टायगर पत्ते टाकत नाहीत, बाबा. त्यांना काय घाबरायचं?"

मंडळी हसली. पुढचा डाव वाटला गेला.

दिगंबररावांकडे एक्का आणि गुलाम. मृणालकडे राणी आणि दश्शी, दोन्ही इस्पिक. त्यांनी रेझ केले, तिने कॉल केले. मध्ये उघडले गुलाम, अठ्ठी, तिर्री. त्यात अठ्ठी इस्पिक. गुलामांची जोडी आणि वर एक्का, म्हणजे दिगंबरराव स्पष्ट पुढे. त्यांनी बेट लावली. मृणालला एक नव्वी आली तर क्रम होणार होता. तिने कॉल केले. चौथा पत्ता सत्ती, तीही इस्पिक. पाच इस्पिके जमणे क्रमाहून भारी, आणि तिची चार झाली होती. आता नव्वी किंवा कोणतेही इस्पिक आले असते तर ती जिंकली असती. त्या घडीला हातात मात्र काही नव्हते. दिगंबररावांनी बेट लावली.

मृणालने वालाचा पहिला मोजका ढीग पुढे सरकवला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

"रेझ," ती म्हणाली.

बाजूला वाल सोलणाऱ्या राऊतवहिनी थांबल्या. दिगंबररावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांनी कॉल केले. पाचवा पत्ता आला किलवरची दुर्री, कोणाच्याही उपयोगाची नाही. मृणालने लगेच वाल पुढे ठेवले. बेट.

दिगंबरराव पत्त्यांकडे पाहत बसले. ओठ हलत होते. यादी चालली होती, ती ऐकू येत नसली तरी मला कळत होती: अठ्ठी आणि सत्ती, म्हणजे दोन जोड्या. तीन अठ्ठ्या. दश्शी आणि नव्वी, म्हणजे पुरा क्रम. तीन राण्या घेऊन गप्प बसलेली ही मुलगी आज रेझ करते, तर तिच्याकडे यापेक्षा कमी काय असणार? एक माप भरले असते तर डाव त्यांचा होता.

त्यांनी एक्का आणि गुलाम पालथे टाकले.

"चांगले होते," ते म्हणाले. "दाखव तुझे."

मृणालने आपले पत्ते गड्डीत सरकवले आणि गड्डी पिसली. "कॉल केलं असतं तर दाखवले असते, बाबा. नियम तुम्हीच शिकवलाय."

ते माझ्याकडे वळले. मी कागदावर लिहीत राहिलो. त्यानंतर तिने आणखी रेझ केले, कधी पत्ते असताना, कधी नसताना, पण ते आता काम म्हणून. दिगंबरराव अखेर हरले आणि उठून मागे गेले. वहिनींनी मान हलवली.

त्याच संध्याकाळी अहवाल पाठवला. पत्त्यांची देवाणघेवाण नाही. मवाळ खेळ आढळला. कारण घरातील एक जुनी थट्टा. निरीक्षणात तो सुटलेला दिसला. पर्यवेक्षिकेने 'थट्टा' या शब्दाभोवती गोल काढला आणि खाली 'ओके' लिहिले. खाती राहिली, नावे यादीवर गेली नाहीत. टायगरना तक्रार निराधार असल्याचे कळवले. त्यांनी उत्तर पाठवले: 'तुम्हीपण निर्मळचेच काय?'

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबररावांचा फोन आला.

"तो डाव पुन्हा पाहिला मी. डोक्यात. अठ्ठी-सत्तीवर ती माझ्या पहिल्या रेझलाच पत्ते टाकते, ते गेले. तीन अठ्ठ्या असत्या तर चौथ्या पत्त्यापर्यंत थांबली नसती. तुम्ही सांगितल्यापासून तिला कुठेतरी रेझ करून टाकायचंच होतं. दश्शी-नव्वी असू शकते. पण शेवटच्या बेटचे वाल तिनं पत्ता उघडायच्या आधीच मोजून ठेवले होते. पुरा क्रम असता तर इस्पिक येत नाही ना, ते आधी पाहिलं असतं. इथे काय येणार ते माहीत नाही आणि वाल तयार. म्हणजे जे येईल त्यावर ती लावणारच होती. तिला हवं होतं इस्पिक, ते आलं नाही. आणि गुलाम-अठ्ठीवर कॉल केलं ते क्रमाच्या आशेवर. राणी आणि दश्शी, इस्पिकची. बरोबर?"

मी उत्तर दिले नाही.

"नसतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, नियमाप्रमाणे सांगता येणार नाही. तुम्ही गप्प आहात. म्हणजे बरोबर."

तपासणाऱ्याचे पत्ते असे वाचले गेल्याचे माझ्या नोकरीतले हे एकमेव उदाहरण.

"तुम्ही तिला रेझ कर म्हणून सांगितलं होतं," ते पुढे म्हणाले. "मग त्या रेझचा अर्थ बदलला होता. आणि मी जुन्या मृणालचे पत्ते वाचत बसलो. हातात काही नसताना घेतला तिनं डाव! माझ्याकडून!" आवाजात बावखलावर बसून आलेल्या माणसाची खूण नव्हती. "तिला सांगू नका मला कळलं म्हणून. कळलं तर पुन्हा करणार नाही. मला ते पुन्हा पाहायचंय."

पुढे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि आमचे काम संपले. त्याबद्दल तक्रार करणे मला शोभणार नाही. टेबल सरळ आहे की नाही ते आम्ही पाहिले. त्या टेबलावर कोणी मुळात बसावे का, हे विचारायची जागा आमच्या तक्त्यात नव्हती, आणि टायगरसारख्या माणसांसाठी ती असायला हवी होती. उरले ते वाचलेले डाव. शेकडो माणसांनी चार-पाच शब्दांत बोललेले खरे आणि खोटे. त्यांत टाकलेला राजा सर्वांत वर.

हा मजकूर अंकाकडे देण्याआधी निर्मळला गेलो. मृणालचे टाकलेले पत्ते तिच्या परवानगीशिवाय छापणे बरोबर नव्हते. मृणालने वाचले आणि म्हणाली, "छापा."

"सासऱ्यांना कळले होते, हे तुला आता कळते आहे. चालेल?"

"आता कुठे? मला त्याच रविवारी कळलं होतं."

"कसे? त्यांनी मला सांगितले ते दुसऱ्या दिवशी."

"ते बावखलावर गेले ना, तेव्हा आई जेवायला बोलवायला निघाल्या. त्यांच्या आधी बाबाच परत आले. हात धुतले आणि वाल डब्यात भरायला बसले. एकेक दाणा निवडून, गुणगुणत." तिने कागद माझ्या हातात दिले. "खऱ्या पत्त्यांना हरलेला माणूस असा वाल भरतो का, सर?"

पडवीत सतरंजी घातलेली होती. दिगंबरराव पत्ते पिसत होते. "बसताय का?" त्यांनी विचारले. "सूनबाई आज फार गप्प आहे. काहीतरी शिजतंय."